निवांत गाव, पण कोणासाठी?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस एखाद्या लहान शहरात काढून परतणाऱ्या कुटुंबात एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘आता इथेच येऊन राहिले पाहिजे.’ परतीच्या वाटेवर गाडी मुंबईच्या किंवा पुण्याच्या वेशीवर वाहनांच्या रांगेत अडकली की त्या वाक्याला धार चढते. पूर्वी हा विचार घरी पोचेपर्यंत विरून जात असे. आता तसे राहिलेले नाही. घरून काम करण्याची मुभा, परगावी स्थिरावलेली मुले, निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम आणि महानगरातील घराला मिळणारी किंमत यांमुळे तो विचार अनेक घरांत प्रत्यक्ष निर्णयाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. नाशिक की कोल्हापूर, सातारा की रत्नागिरी, की थेट पणजी, अशी तुलना जेवताखाताना सुरू होते.

वाचकहो, या तुलनेत बहुधा चार गोष्टी मोजल्या जातात : घराचा दर, हवेतला गारवा, मुंबई-पुण्यापासूनचे अंतर आणि खाण्यापिण्याची चंगळ. या गोष्टी क्षुल्लक आहेत असे मुळीच नाही. परंतु आरोग्याच्या अंगाने पाहिले तर त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो : त्या गावातील निवांतपण आपल्या घरात नेमके कोणाच्या वाट्याला येणार आहे? गावाची निवड बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत धडधाकट माणसाच्या सर्वांत चांगल्या दिवसावरून होते. त्याची परीक्षा मात्र घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या सर्वांत कठीण दिवशी होते. या दोन दिवसांमधील अंतर ध्यानात ठेवून आपण वरील पाच शहरांकडे पाहू.

संथ म्हणजे निरोगी?

शहराचा वेग मोजता येतो का? रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो प्रयत्न केला. एकतीस देशांतील मोठ्या शहरांत त्यांनी तीन साध्या गोष्टी मोजल्या : रस्त्यावरून एकटा चालणारा माणूस साठ फूट अंतर किती वेळात कापतो, टपाल कचेरीतील कर्मचारी एक तिकीट देण्यास किती वेळ घेतो आणि बँकांतील घड्याळे किती अचूक चालतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्वित्झर्लंड, आयर्लंड व जर्मनी हे देश वेगवान ठरले, तर मेक्सिको, इंडोनेशिया व ब्राझील संथ ठरले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पुढचा निष्कर्ष. वेगवान ठिकाणी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. पण त्याच ठिकाणचे लोक स्वतःला अधिक समाधानीही म्हणवत होते. हा विरोधाभास उलगडायला फार दूर जावे लागत नाही. ज्या आर्थिक चैतन्यामुळे धावपळ वाढते त्याच चैतन्यामुळे रोजगार, सोयी आणि निवडीचे स्वातंत्र्यही येते. धावपळ सोडताना त्या सोयींपैकी काही आपोआप मागे राहतात. कोणत्या मागे राहिल्या तर आपले चालेल आणि कोणत्या राहिल्या तर चालणार नाही, हे ठरवणे म्हणजेच गावांची खरी तुलना करणे होय.

आणखी एक गोष्ट विसरू नये. गावाचा वेग कायम राहत नाही. एके काळी पुणे हेच पेन्शनरांचे शहर म्हणून ओळखले जाई. बंगळुरूचीही ख्याती तशीच होती. आज या दोन्ही शहरांतून लोक निवांतपणाच्या शोधात बाहेर पडत आहेत. नाशिक त्याच वाटेवर बरेच पुढे गेले आहे. २०११च्या जनगणनेतच त्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या घरात पोचली होती. तेव्हा ‘हे गाव शांत आहे’ एवढ्यावर न थांबता ‘आणखी पंधरा वर्षांनी, म्हणजे आपण पंच्याहत्तरीत असताना, ते कसे असेल?’ असेही विचारावे.

डिसेंबरातली हवा आणि जुलैतली हवा

‘हवा चांगली आहे’ हे विधान बहुतेकदा डिसेंबरात केलेले असते. हवेचा निवाडा मात्र तिच्या सर्वांत वाईट महिन्यात करावा, आणि आपल्या शरीराची तक्रार कोणती आहे हे समोर ठेवून करावा.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या आडोशाला वसलेले आहे. तेथे पाऊस बेताचा आणि हवा कोरडी. कोकणातील दमटपणाने ज्यांचे सांधे कुरकुरतात किंवा घामाने ज्यांचा जीव नकोसा होतो, त्यांना ही हवा मानवते. परंतु डिसेंबर-जानेवारीत तेथील पहाटेचे तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली उतरते. ज्यांना जुनाट दमा वा श्वासनलिकांचा दीर्घकालीन विकार आहे, ज्यांचा रक्तदाब थंडीत वर चढतो, त्यांनी हीच पहाट विचारात घ्यायला हवी. फिरण्याची वेळ उन्हे वर येईपर्यंत पुढे ढकलणे आणि औषधांचे प्रमाण हिवाळ्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घेणे, एवढे भान तेथे ठेवावेच लागते.

रत्नागिरी आणि पणजी यांची गोष्ट उलट आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही प्रामुख्याने चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत भिंतींना ओल येते, कपाटातील कपड्यांना आणि पुस्तकांना बुरशी धरते. बुरशीचे सूक्ष्म कण दम्याच्या रुग्णाला फार जाचतात. समुद्रकाठच्या मोकळ्या हवेसाठी म्हणून आलेला दमेकरी पहिल्याच श्रावणात औषधांचे फवारे दुप्पट वापरू लागला, तर त्यात नवल नाही. दोष समुद्राचा नसून ओलसर खोलीचा असतो. म्हणून कोकणात किंवा गोव्यात घर पाहायचे तर ते जुलैत पाहावे. छताच्या कोपऱ्यांवरून आणि पलंगामागच्या भिंतीवरून हात फिरवावा, बंद खोलीचा वास घ्यावा. घर डिसेंबरात जे लपवते ते जुलैत सांगून टाकते.

कोल्हापूरची हवा या दोन टोकांच्या मधली, बऱ्यापैकी सुखाची. परंतु तेथे हवेपेक्षा पाण्याचा विचार अधिक करावा लागतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजली जाते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे दोन आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ वर गेले, सखल वस्त्या बुडाल्या आणि महामार्ग बंद पडला. सर्व शहर बुडत नाही. उंचावरच्या वस्त्या सुरक्षित राहतात. तरीही ज्या घरात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा रुग्ण आहे, त्या घराने केवळ ‘आमच्या गल्लीत पाणी येत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. घरापासून डायलिसिस केंद्रापर्यंतचा रस्ता पुरात चालू असतो का, हेही विचारावे. नाशिकातही जुने लोक गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कितव्या भागापर्यंत आले यावरून पुराचा अंदाज बांधतात. नव्या रहिवाशाने अशा खुणा शेजाऱ्यांकडून आवर्जून समजून घ्याव्यात. घर दाखवणारा दलाल त्या सांगेलच असे नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये

‘मोठे रुग्णालय फक्त अमुक किलोमीटरवर आहे,’ असे आपल्याला सांगितले जाते. शरीराला किलोमीटर कळत नाहीत, मिनिटे कळतात. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्या साडेचार तासांत लक्षण ओळखणे, वाहन मिळणे, प्रवास, मेंदूचे सीटी स्कॅन आणि तज्ज्ञाचा निर्णय हे सर्व मोडते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत उघडावी, असा दंडक आहे. तेथेही पोचण्याचा वेळ वेगळाच.

म्हणून गाव निश्चित करण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कोठे होतो? चोवीस तास अँजिओप्लास्टी कोठे होते? रक्तपेढी कोठे आहे? आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या घराच्या दारापर्यंत येऊ शकते, की बोळाच्या तोंडाशी थांबते? महाराष्ट्रात ही सेवा २०१४ सालापासून सुरू आहे, परंतु तिचा उपयोग शेवटच्या पन्नास मीटरवरही अवलंबून असतो.

या कसोटीवर नाशिक व कोल्हापूर ही शहरे भक्कम ठरतात, कारण दोन्ही ठिकाणी आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येत असल्याने तज्ज्ञांची संख्या मोठी आहे. पणजीजवळ बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची परंपरा १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते. मात्र गोव्याबाहेरील रुग्णांकडून तेथे २०१८ पासून शुल्क घेतले जाते. त्यामुळे वास्तव्याची कागदपत्रे कधी आणि कशी होतील, हे स्थलांतराच्या आधीच पाहून ठेवावे. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर. हे अंतर एरवी सुखाचे, पण शनिवार-रविवारी खंबाटकी घाटात वाहने तुंबली की तेच अंतर भलते लांबते. रत्नागिरीहून गुंतागुंतीच्या उपचारांसाठी कोल्हापूर गाठायचे तर घाट उतरून नव्हे, चढून जावे लागते, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की घाटच बंद होतो.

याचा अर्थ सातारा व रत्नागिरी ही शहरे बाद करावीत, असा नाही. ज्यांचे हृदय, मूत्रपिंड आणि साखर आजवर ताब्यात आहेत, त्यांना ती उत्तम मानवतील. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे त्यांनी मात्र किनाऱ्याच्या मोहापेक्षा मिनिटांचा हिशेब वरचढ मानावा. आणखी एक सोय ध्यानात असावी : ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले आहे. ते देशभर चालते, परंतु योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच. नव्या गावात अशी रुग्णालये कोणती, याची यादी आधीच हाताशी ठेवावी.

पायाखालचा रस्ता

आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आपल्या परिचयाची आहे. निवृत्त माणसासाठी त्याचा अर्थ बहुतेकदा चालणे हाच असतो. गाव चालायला कसे आहे, यावर म्हणूनच पुष्कळ काही अवलंबून असते.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर वसलेले आहे. साठाव्या वर्षी तो चढ हृदयाला व्यायाम देतो. बहात्तराव्या वर्षी गुडघ्यांची झीज झाल्यावर तोच चढ माणसाला घरात बसवतो. रत्नागिरीतही चढउतार आहेत, आणि पावसाळ्यातील निसरडा जांभा हा कंबरेच्या हाडासाठी मोठाच धोका. कोल्हापुरात रंकाळ्याचा काठ आणि पणजीत कांपालपासून मिरामारपर्यंतचा नदीकाठचा सपाट रस्ता या बाबतीत फार मोलाचे आहेत. नाशिकमध्ये गंगापूर रस्त्याकडील नव्या वसाहतींत मोकळी जागा मिळते. परंतु तेथे दूध, भाजी, औषधे पायी जाऊन आणता येतात का, हे वसाहतीगणिक बदलते.

येथे एक सोपी कसोटी सांगता येईल. ज्या घरात राहायचे आहे त्या घरातून निघून, वाहन न वापरता, औषधाचे दुकान, भाजी, बँक आणि बसायला एक बाक, या चार ठिकाणी वीस मिनिटांत पोचता येते का, ते चालून पाहावे. हातात पिशवी घेऊन चालावे. वाटेत रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो, हेही मोजावे. शहराबाहेरचा टुमदार बंगला या कसोटीत बहुतेक वेळा नापास होतो आणि जुन्या पेठेतील दोन खोल्यांचे घर पास होते.

बसायला जागा, बोलायला माणूस

एकटेपणा ही आता केवळ भावनिक बाब मानली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ सालच्या अहवालात जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणाने ग्रासले असल्याचे म्हटले आहे. त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि बुद्धिभ्रंश यांच्याशी जोडला जातो. महानगर सोडणारा माणूस गर्दी सोडतो, त्याबरोबर ओळखीही सोडतो. वीस वर्षे एकाच लोकलने जाणारे सोबती, वाणी, फॅमिली डॉक्टर, खालच्या मजल्यावरच्या वहिनी, या माणसांचे मोल ती हाताशी असताना जाणवत नाही.

नव्या गावात अशा ओळखी जुळण्यासाठी जागा लागते. विकत काही न घेता तासभर बसता येईल अशी जागा. या दृष्टीने आपली जुनी शहरे श्रीमंत आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. पावणेदोनशे-दोनशे वर्षे टिकलेल्या या संस्था आरोग्यसंस्थाच आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. सकाळी वर्तमानपत्र चाळायला येणारा माणूस तीन दिवस दिसला नाही, तर तेथे कोणीतरी विचारते. हेच काम कोठे भजनी मंडळ करते, कोठे तालीम, कोठे हास्यसंघ, कोठे चर्चचे आवार. गाव पाहायला गेल्यावर हॉटेलात न बसता एक सकाळ वाचनालयात घालवावी. लोक अनोळखी माणसाशी किती वेळात बोलू लागतात, यावरून त्या गावाचा स्वभाव कळतो.

गोव्याच्या बोलण्यात ‘सुशेगाद’ हा शब्द आहे. निवांत, तृप्त, घाई नसलेला असा त्याचा अर्थ पोर्तुगीजमधून आलेला. बाहेरचा माणूस त्याचा अर्थ आळस असा लावतो. प्रत्यक्षात दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला जाणाऱ्याला घरी कोणीतरी वाट पाहत असते, हा त्या शब्दाचा गाभा आहे. नव्याने आलेल्याला दुकान बंद असल्याचे दिसते. वाट पाहणारे माणूस त्याला स्वतः जोडावे लागते.

घरातल्या कामाचे काय?

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो बहुतेक चर्चांत विचारलाच जात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर ही कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. पती कचेरीतून निवृत्त होतो; पत्नी या २९९ मिनिटांतून कधीच निवृत्त होत नाही.

लहान गावात ही मिनिटे कमी होतात की वाढतात? महानगरात तयार पोळ्या, चिरलेली भाजी, दारात येणारा किराणा आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या कामवाल्या मावशी यांच्या आधाराने संसार चालतो. नव्या गावात घर मोठे, अंगण मोठे, म्हणजे झाडलोट अधिक. पाणी ठरावीक वेळी येणार असेल तर त्या वेळी कोणीतरी घरात हवे. ‘हवापालटाला या’ असे आमंत्रण सर्वांना दिले गेलेले असते. मग मे महिन्यात पाहुण्यांची रीघ लागते. पती झोपाळ्यावर बसून गार वाऱ्याची स्तुती करीत असतो आणि पत्नी आतमध्ये दहा माणसांचा स्वयंपाक करीत असते. बाहेरून पाहणाऱ्यास हे दृश्य निवांत वाटते. त्यातील एकाच माणसाच्या रक्तदाबावर त्या निवांतपणाचा अनुकूल परिणाम होत असतो.

तरुण जोडप्यांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. एकाचे काम संगणकावर कोठूनही होते. दुसऱ्याची नोकरी शहराशी बांधलेली असते आणि तीच सोडावी लागते. ती बहुधा कोणाची असते, हे सांगायला नको.

म्हणून तुलना करण्यासाठी बसण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने, एकमेकांना न दाखवता, दोन गोष्टी लिहाव्यात : नव्या गावात माझा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जाईल, आणि आज करीत असलेल्या कामांपैकी कोणते काम तेथे मला करावे लागणार नाही. मंगळवार अशासाठी की रविवार सगळ्याच गावांत सुंदर असतो. मग ते कागद शेजारी ठेवून वाचावेत. एका कागदावर नदीकाठचा फेरफटका, वाचन आणि बागकाम असेल आणि दुसऱ्यावर केवळ स्वयंपाकघर बदललेले असेल, तर गाव निवडण्याची वेळ अजून आलेली नाही. आधी कामांची वाटणी ठरवावी.

मागे राहणाऱ्याचे गाव

सर्वांत अवघड कसोटी शेवटी. ती टाळून चालत नाही. दोघांनी मिळून निवडलेल्या गावात कधी ना कधी दोघांपैकी एकालाच राहावे लागणार आहे. आपल्याकडे पती बहुधा वयाने मोठा असतो आणि स्त्रियांचे आयुर्मान थोडे अधिक असते, तेव्हा मागे राहणारी बहुतेक वेळा पत्नी असते. तिला गाडी चालवता येत नसेल, तर गावाबाहेरचे घर तिच्यासाठी काय असेल? बँकेचे व्यवहार, घराचा कर, गॅस, वीज हे सर्व तिच्या ओळखीचे असेल का? रात्री कण्हण्याचा आवाज ऐकू जाईल इतक्या अंतरावर शेजार असेल का? मुले भेटायला येतील तेव्हा सहज पोचतील का? कोल्हापूरचे रेल्वे स्थानक भर गावात आहे, तर साताऱ्याचे व रत्नागिरीचे गावाबाहेर. पंचवीस वर्षांच्या मुलाला हा फरक जाणवणार नाही. दोन लहान मुलांना घेऊन येणाऱ्या लेकीला जाणवेल, आणि त्यावर तिच्या फेऱ्यांची संख्या ठरेल.

हा विचार अशुभ नाही, काळजीचा आहे. दोघेही धडधाकट असताना, शांतपणे, चहाच्या वेळी तो बोलून घेतला तर पुढे मुलांवर घाईने निर्णय घेण्याची पाळी येत नाही. ‘माझ्यानंतर तू इथे एकटी राहशील का?’ आणि ‘माझ्यानंतर तुम्ही इथे एकटे राहाल का?’ या दोन्ही प्रश्नांना ज्या गावात होकार मिळतो, ते गाव इतर सर्व गुणांत थोडे उणे असले तरी निवडावे.

जाण्याचाही ताण असतो

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ बदलांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, निवृत्तीला ४५ आणि राहण्याचे ठिकाण बदलण्याला अवघे २०. पण ठिकाणाबरोबर इतरही पुष्कळ बदलते : राहणीची परिस्थिती २५, करमणूक १९, सामाजिक वावर १८, झोपेच्या सवयी १६, खाण्याच्या सवयी १५, कौटुंबिक भेटीगाठी १५. बेरीज १२८ होते, आणि त्यात निवृत्तीचे ४५ मिळवले की १७३. दीडशेच्या पुढची बेरीज त्यांनी आजारपणाची शक्यता वाढवणारी मानली होती. हे आकडे म्हणजे भविष्यवाणी नव्हे. त्यांतून घ्यायचा बोध एवढाच, की सर्व बदल एकाच वेळी अंगावर घेऊ नयेत.

निवृत्ती आणि स्थलांतर यांत किमान सहा महिन्यांचे अंतर ठेवावे. जुने घर विकण्याची घाई करू नये. नव्या गावात आधी भाड्याने राहावे, आणि त्या काळात एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे. सामान हलवण्यापूर्वी डॉक्टर हलवावा, म्हणजे नव्या गावातील एका वैद्यकीय व्यावसायिकाला भेटून आपली सर्व कागदपत्रे, चालू औषधे आणि जुने अहवाल दाखवून ठेवावेत. जुन्या डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश लिहून घ्यावा. घरात झोप, भूक किंवा बोलणे कमी झालेले कोणी दिसले, तर ‘होईल सवय’ म्हणून दुर्लक्ष करू नये. दोन महिन्यांनंतरही तसेच राहिले, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

आणि वर्षभर राहून पाहिल्यानंतर घरातील एकानेही ‘मला इथे करमत नाही’ असे सांगितले, तर परत फिरण्यात कमीपणा मानू नये. भाड्याच्या घराची किल्ली परत करणे ही सोपी गोष्ट आहे. येत्या रविवारी घरातील सर्वांनी कागद-पेन घेऊन बसावे आणि आपापला मंगळवार लिहावा. शहरांची नावे त्यानंतर काढावीत.